धोटा तुझ्याकडं

वडगावच्या गल्लीत मष्णूचा आवाज प्रसिद्ध आहे. त्यात त्याचा दोष नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात ज्याची पंचवीस वर्षं गेली, त्याला "चहा घेतोस काय" एवढंसुद्धा भांडायला उठल्यासारखंच विचारता येतं. लग्नात त्यानं मनिषाचं नाव घेतलं ते मांडवामागं भात उपसणाऱ्या आचाऱ्याला ऐकू गेलं, आणि आचाऱ्यानं तिथूनच "वा" म्हटलं, अशी कथा आहे. मनिषा ती अजून सांगते, आणि अजून तिला हसू येत नाही.

तर असा हा माणूस रोज सकाळी साडेसातला मात्र कुजबुजायचा. माग सुरूच ठेवून गच्चीवर जायचा, पाण्याच्या टाकीला पाठ लावायचा, एका कानात बोट घालायचा आणि दुसऱ्या कानाला फोन लावून थोरल्या बहिणीशी असा बोलायचा की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हळूच जवळ सरकायची. तिचा संशय तसा चुकीचा नव्हता. लपवाछपवी होतीच, फक्त प्रकार वेगळा होता.

थोरली बहीण म्हणजे बायाक्का. मष्णूपेक्षा तेरा वर्षांनी मोठी. आई जयाबाईच्या हातमागावर लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिनं विणलं, कारण तिचा नवरा भावकूही वडगावातच मागावर होता. पुढं गल्लीत यंत्रमाग आले. भावकूनं एक दिवस त्यांचा आवाज ऐकला, कानावर हात ठेवले आणि बायको-मुलीला घेऊन आजोळी निघून गेला, म्हशी पाळायला. हे आजोळ नंदगडच्या पुढं, जंगलाच्या कडेला. गावात टॉवर नाही. रेंज मिळते ती गावाबाहेरच्या जांभळीच्या शेंड्यावर, म्हणजे फक्त माकडांच्या सोयीची. दूध डेअरीत मात्र इंटरनेटची एक तार आलेली आहे, कुणाच्या दुधाला किती फॅट लागली ते वर कळवण्यासाठी. त्या तारेतून आधी दूध जातं, आणि जागा उरलीच तर माणसांचं बोलणं. डेअरीचा सेक्रेटरी शामू भला माणूस. दूध घातलं की तो बायाक्काला कट्ट्यावर बसवतो, मुलीचा जुना फोन तिच्या हातात असतो तो जोडून देतो आणि म्हणतो, "बोला आजी. चित्र दिसणार न्हाय, आवाज बी अर्धाच जाईल. उरलेला उद्या पाठवा."

बोललेलं पलीकडं पोचायला पाच-सहा सेकंद लागायचे. सुरुवातीला त्यामुळं फार गोंधळ व्हायचा. दोघं एकदम बोलायचे, दोघं एकदम "तू बोल" म्हणायचे, मग दोघंही एकदम गप्प. चौथ्या दिवशी बायाक्कानं नियम घालून दिला.

"मष्ण्या, एका मागावर दोन्हीकडनं दोन धोटे एकदम सोडलं तर काय हुतंय रं?"

"आदळत्यात. सूत तुटतंय."

"मग? तसंच हे. सूत घेऊन एकच धोटा हिकडनं तिकडं जातोय, तिकडनं हिकडं येतोय. आपलं बोलून संपलं की म्हणायचं, धोटा तुझ्याकडं. मग गप बसायचं, येईपतोर."

तेव्हापासून हे बहीण-भाऊ असंच बोलतात. "म्हैस आटली. धोटा तुझ्याकडं." "मनिषाच्या गुडघ्याला आराम हाय. धोटा तुझ्याकडं." ऐकणाऱ्याला वाटावं, हे बोलतायत की लुगडं विणतायत.

हे सगळं छान चाललं होतं, एक गोष्ट सोडली तर. ती गोष्ट म्हणजे आईचा हातमाग.

जयाबाई सात वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी चार माणसांत तिनं सांगितलं होतं, "घर मष्ण्याचं, माग बायाक्काचा. तिला वाटंल तवा यील, विणंल. तवर मष्ण्या, तू संभाळ." माग मागच्या खोलीत होता. जुन्या पद्धतीचा, जमिनीत खड्डा करून बसवलेला; विणणाऱ्यानं काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे पायाखालच्या फळ्या दाबायच्या आणि विणलेलं सूत ठोकून बसवणारी फणी हातानं ओढायची. मष्णूनं पाच वर्षं तो सांभाळला, म्हणजे त्यावर गोधड्या ठेवल्या. मग दोन वर्षांपूर्वी त्याला चौथा यंत्रमाग घ्यायची लहर आली. जागा फक्त मागच्या खोलीत. आणि योग असा की त्याच आठवड्यात युवराज नावाचा एक हॉटेलवाला जुन्या वस्तू शोधत गल्लीत फिरत होता. संकेश्वरच्या अलीकडं हायवेला त्याचं नवं हॉटेल. पाटी कन्नड, मेन्यूकार्ड इंग्रजी, जेवण मराठी. त्याला दाराशी शोभेला जातं, उखळ, बैलगाडीचं चाक असलं काहीतरी हवं होतं. माग बघून तो जो पाघळला तो पाघळलाच. अर्ध्या तासात माग टेम्पोत चढला. संध्याकाळपर्यंत खड्ड्यात दगडमाती पडली आणि वर सिमेंट.

"बायाक्काला इचारलंसा?" मनिषानं विचारलं होतं.

"सिमेंट वाळू दे, सांगतो."

सिमेंट वाळलं.

पुढच्याच आठवड्यात बायाक्कानं सहज विचारलं, "माग बरा हाय न्हवं? वाळवी बघत जा रं." मष्णूनं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन तुटला. त्या दिवशी नेटनं खरोखरच दगा दिला होता. दुसऱ्या दिवसापासून मष्णूनं नेटला कामाला लावलं. मागाचा विषय निघाला रे निघाला की हा टाकीला आणखी चिकटायचा: "हालोऽ... आक्का... तुटालाय आवाज... हालोऽ..." तिकडून बायाक्काचा आवाज देवळातल्या घंटेसारखा खणखणीत येत असायचा. एकदा मनिषा जिन्यात उभी होती.

"मला हितं पायरीवर ऐकू यालंय की," ती म्हणाली. "तुमच्याच कानात काय घुसलंय?"

  कुजबुजायची सवय त्याला तेव्हापासून लागली.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण यंदा रूपालीचं, म्हणजे बायाक्काच्या मुलीचं, लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की पुढच्याच आठवड्यात हळद. बायाक्का फोनवर हरखून बोलत होती.

"हळदीचं पिवळं लुगडं मी विणणार हाय. आईच्या मागावर. दिवाळी झाली की येते, दहा दिवस राहते. सूत तू बघून ठेव. धोटा तुझ्याकडं."

या वेळी नेट इतकं स्वच्छ होतं की पलीकडच्या म्हशीनं शेपटी मारलेलीसुद्धा ऐकू आली. मष्णू म्हणाला, "ये की आक्का. माग तुझाच हाय." वाक्य खरं होतं. म्हणूनच ते बोलताना टोचलं.

त्यानंतरच्या मंगळवारी दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज गेली. गल्लीतले सगळे माग बंद पडले. कुणाच्या घरी कांदा फोडणीला पडला तेही कळावं इतकी गल्ली गप्प झाली. वीज गेल्यावर सगळेच फोनवर असतात, त्यामुळं इकडचंही नेट मंदावलं. बायाक्काचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी आला.

"आज खडखड न्हाय... करंट गेलाय व्हय? मग असं कर... आईचा माग ऐकव. दोन-चार डाव फणी वढ. नुसतं... कानावर पडू दे. लई वर्षं झाली. धोटा तुझ्याकडं."

आजवर मष्णू म्हणायचा की यंत्रमागांच्या आवाजात हातमाग ऐकू येणार नाही. ती सबब आता विजेबरोबर गेली होती. तो फोन घेऊन खाली आला. मागच्या खोलीत चौथा यंत्रमाग मेल्यासारखा उभा. मष्णूनं इकडं तिकडं बघितलं, बसायचा लाकडी पाट उचलला, फोन जमिनीवर ठेवला आणि पाट दाराच्या चौकटीवर आपटू लागला. ठाक. ठाक. ठाक. ठाक.

इथं त्याची चूक झाली, आणि ती चूक फक्त यंत्रमागवालाच करू जाणे. पंचवीस वर्षं मशीनचा ठेका त्याच्या हातात मुरलेला. पाट पडत होता तो अगदी सारख्या अंतरानं, न थांबता, न दमता, न चुकता. हातमागावरचं माणूस असं वाजत नाही. ते मध्येच थांबतं, तुटलेला धागा सांधतं, धोट्यातली सुताची संपलेली कांडी बदलतं, पदरानं घाम पुसतं. पण मष्णूचा भरवसा नेटवर होता. तो मनात म्हणाला, अर्धं तर वाटेतच गळणार, उरलेल्यात काय कळतंय तिला.

मनिषा हातात पळी घेऊन दारात आली. "सुतार लागलाय काय घरात?"

त्यानं तिला हातानं गप्प केलं.  मग बायाक्का म्हणाली, "बरा वाजतोय." आणि थोडं थांबून, "पयल्यासारखी कुरकुर न्हाय गं बाई त्येची. तेल घातलंस व्हय? धोटा तुझ्याकडं."

"घातलं आक्का," मष्णू म्हणाला. हे खोटं बोलायची काहीच गरज नव्हती. पण एक खोटं घरात आलं की ते पाहुण्यांना घेऊनच येतं.

पुढचे चार मंगळवार वीज जात राहिली आणि मष्णू पाट आपटत राहिला. चौकटीचा रंग उडाला. बायाक्का दर वेळी ऐकायची आणि दर वेळी म्हणायची, "बरा वाजतोय." बास, एवढंच.

खंडेनवमीला विणकराच्या घरी सगळे माग धुऊन-पुसून बंद ठेवतात, त्यांना हार घालतात, नारळ फोडतात. सकाळी बायाक्काचा फोन आला. "माझ्या नावानं आईच्या मागाला एक नारळ फोड रं. हार झेंडूचा घाल. धोटा तुझ्याकडं."

मष्णूनं हार चौथ्या यंत्रमागाला घातला. नारळ मात्र तिथं फोडवेना. तो वाकून मशीनच्या पायांमध्ये शिरला आणि जिथं खड्डा होता त्या सिमेंटवर नारळ आपटला. नारळ चांगला निघाला. पाणी गोड, खोबरं जाड. नासका निघाला असता तर त्याला जरा बरं वाटलं असतं.

मनिषानं खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "घ्या. बायाक्काच्या नावचं हाय न्हवं ह्ये? खावा की."

त्यानं तो तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि मोरीत जाऊन थुंकला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मष्णू सात वाजल्यापासून टाकीपाशी. फोन लागल्यावर "सोनं घे आक्का" म्हणाला आणि मग एका दमात सुटला. "आक्का, तू मदी बोलू नगंस. आईचा माग घरात न्हाय. दोन वर्षं झाली. चौथ्या मागाला जागा पायजे हुती. ही मनिषा बी म्हणाली की गोधड्याच तर ठेवल्यात त्येच्यावर. आणि त्यो हॉटेलवाला असा गळ्यात पडला की मला न्हाय म्हणवंना. मी तुला तवाच सांगणार हुतो, पर नेट... आणि मंगळवारी वाजवला त्यो पाट हुता. चुकलं माझं. धोटा तुझ्याकडं."

मग तो थांबला. पाच सेकंद. दहा. वीस. शेजारची बाई कपडा पिळता पिळता थांबली. मग फोन आपोआप बंद झाला. त्यानं सात वेळा परत लावला, लागला नाही. सणाची डेअरी लवकर बंद होते.

तो दिवस त्यानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. आपट्याची पानं द्यायला आलेल्यांना तो "सोनं घ्या" म्हणत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं याचं काहीतरी हरवलंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन शामूनं उचलला. "आजी दूध घालाल्यात, थांबा. अण्णा, एक इचारायचं हुतं. काल तुम्ही काय सांगितलासा ओ त्यांना? फोन बंद झाला तरी कानालाच लावून बसल्या हुत्या. कुलूप लावायचं हाय म्हटलं तवा उठल्या."

 मग बायाक्का आली. आवाज नेहमीचाच.

"काल काय बोललास रं? काय बी आलं न्हाय बघ. नेट लई वंगाळ. 'सोनं घे' एवढं आलं, आणि शेवटाला 'धोटा तुझ्याकडं'. मधलं सगळं गळालं. परत सांग. धोटा तुझ्याकडं."

तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ऐकलंय हे त्याला कळलं होतं. आणि तिनं त्याचीच सबब उचलून, पुसून, परत त्याच्या हातावर ठेवली होती. आता त्याला दोन वाटा होत्या. "काय न्हाय आक्का, दसऱ्याचं बोलालतो" म्हटलं असतं तर ती "बरं" म्हणाली असती, आणि परत कधीच विचारलं नसतं. हे कळल्यामुळंच त्याला ते म्हणवेना.

त्यानं सांगितलं. या वेळी मनिषा त्यात आली नाही. हॉटेलवाला गळ्यात पडला नाही. नेटही आलं नाही. सांगायला फार थोडं उरलं.

"आक्का, तुझा माग मी दिला. तुला न इचारता. मलाच द्यायचा हुता. मग तुला खोटं वाजवून दाखवलं. धोटा तुझ्याकडं."

सहा सेकंदांनी ती म्हणाली, "पाट हुता व्हय त्यो. मला वाटलं दार. पयल्याच मंगळवारी कळलं मला. माणूस विणतंय का मशीन, एवढं कळंना व्हय मला? ना सूत तुटलं, ना दम लागला. आणि आईचा माग कुरकुरत न्हाय म्हणं." ती थांबली, पण धोटा टाकला नव्हता म्हणून तोही गप्प राहिला. "पाच मंगळवार वाट बघितली मी. कुणाच्यात हाय त्यो? संध्याकाळच्या दुधाच्या टायमाला तिथं जा. मला खरा ऐकव. धोटा तुझ्याकडं."

संध्याकाळी सहाला मष्णू हायवेच्या त्या हॉटेलात पोचला. माग हात धुवायच्या बेसिनपाशी, चकचकीत फरशीवर उभा होता. त्यावर प्लॅस्टिकचे झेंडू आणि पितळेच्या दोन घागरी. पायाखालच्या फळ्या गायब. समोर पाटी: 'आमच्या आजीचा माग. हात लावू नये.' मष्णूनं ती दोनदा वाचली. मग फोन जोडला, खिशात उभा ठेवला, घागरी खाली उतरवल्या आणि मागावर बसला. खड्डा नव्हता, पाय लोंबकळत राहिले. त्यानं फणी ओढली.

कुर्रर्र... ठक.

मागावर ताण्याचं उभं सूत नव्हतं, त्यामुळं ठक पोकळ आला. पण कुरकुर तीच होती. लहानपणी ती ऐकत झोप लागायची. त्याला दुसऱ्यांदा ओढायला जरा वेळ लागला.

"रीऽ, अल्लि कूडब्याड्री!" वेटर धावत आला. "ओ काका, तिथं बसायचं न्हाय! शो-पीस हाय त्यो!"

तिकडून बायाक्का म्हणाली, "ह्योच. ह्योच माझा." मग, "पाय कुठं हाईत रं तुझं? आवाज वरनं यालाय. धोटा तुझ्याकडं."

"लोंबकळाल्यात आक्का. हितं खड्डा न्हाय." तो थांबला. एक उरलं होतं. "आणि घरातला बी मी बुजवलाय. वर सिमेंट केलंय, त्येच्यावर मशीन हाय. हे मी सकाळी बी सांगितलं न्हाय. धोटा तुझ्याकडं."

पाच सेकंद झाले, दहा झाले. त्याच्या तोंडात सवयीनं "हालो" आलं होतं. पण फोनमधून डेअरीतल्या किटल्यांचा आवाज येत होता, शामू कुणाला तरी हसत होता, एक म्हैस हंबरली. तार चालू होती. गप्प बायाक्का होती. मष्णूनं ते "हालो" गिळलं आणि वेटर दंडाला धरून ओढत असताना तसाच बसून राहिला.

"हळद तुळशीच्या लग्नाच्या पुढच्या आठवड्यात हाय," बायाक्का शेवटी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "विणायला दहा दिवस लागत्यात. खणायला कवा घेतोस? धोटा तुझ्याकडं."

चौथं मशीन कुठं हलवायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. युवराज माग परत देईल की हाकलून देईल, तेही नाही.

"उद्या," तो म्हणाला. कुजबुजत नव्हे, चार टेबलं वळून बघायला लागली. मग तो उतरला, फोन बंद न करता गल्ल्याकडं गेला. गल्ल्यावर युवराज एका पाहुण्याला सांगत होता, की शंभर वर्षं झाली या मागाला, आमची आजी यावर विणायची.

"युवराज," मष्णू म्हणाला, "ह्यो माग माझ्या आक्काचा हाय. मी तुला दिला त्यो माझा नव्हता." आणि फोन दोघांच्या मध्ये गल्ल्यावर ठेवला.